कौलावरच्या सूनबाईला

वहिनी, माकडांनी तुझी डिशची छत्री फिरवली.

तेरा दिवस घरात सुतक, माणसांचा राबता, टीव्हीवर चादर घातलेली. कौलांवर काय धिंगाणा चाललाय हे बघायची शुद्ध कुणाला होती? तू असतीस तर बांबू घेऊन अंगणात उभी राहिली असतीस आणि त्या माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असतास. काल तेरावं आटोपलं, पाहुणे गेले. आज चहा झाल्यावर आबांनी चादर बाजूला केली, खटका दाबला, तर टीव्हीवर काही म्हणजे काही नाही. पुढं काय झालं तेच तुला सांगायला बसलेय. पण आधी माझं डोकं फिरलंय, ते जरा ठिकाणावर येऊ दे.

भेटायला येणारी माणसं काय म्हणत होती, ठाऊक आहे? "फार सोशीक होती हो." सोशीक, आणि तू! एक जण तर म्हणाली, "कधी मान वर करून चालली नाही." अगं, तुझी मान कायम वरच असायची. पळसदरीच्या स्टेशनापासून घरापर्यंत यायचं तर तू रस्त्याकडं बघायचीसच नाही, लोकांच्या घरांवर बघायचीस. "ती छत्री माजी. ती पन माजी. ती नाय, म्हनून तर वाकडी हाय." दोनदा ठेच लागून पडलीस, तरी खोड गेली नाही. मग मी त्या बाईला तोंडावर सांगितलं, "सोशीक नव्हती, चांगली बढाईखोर होती. आणि बढाई मारावी असं काम करत होती." दादानं माझ्याकडं डोळे वटारले. वटारू दे. माझा भाऊ असला तरी या गावात तो सगळ्यांना शकूचा नवरा म्हणूनच माहीत आहे, आणि त्याचा त्यालाही अभिमानच वाटायचा.

आबांचा टीव्ही आणि तू एकाच वर्षी आमच्या घरात आलात. लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा, काळा-पांढरा. कान पिळल्यासारखा खटका फिरवायचा, तेव्हा कुठं चॅनेल लागायचं. कौलांच्या आढ्याला लोखंडी पाइप आणि त्यावर अँटेना, तोंड मावळतीकडं, मुंबईकडं. आपल्या सगळ्या गावाच्या अँटेना तेव्हा मुंबईकडं बघायच्या, पोरं नोकरीला गेलेल्या आयांसारख्या.

आणि एका वावटळीत आपली अँटेना आडवी झाली. दादा कर्जतच्या दुकानात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, पण देह असा की कौलावर पाय टाकला की कौल गेलंच. कौलावर हलकं माणूस लागतं, आणि पाय कुठं टाकायचा हे कळणारं लागतं. ते तुला कळत होतं. तुझे वडील पोशीरला पावसाळ्याआधी लोकांची कौलं चाळायचे. फुटकी काढायची, नवी बसवायची, सरकलेली सारखी करायची. लहानपणी त्यांच्याबरोबर तू कौलावर असायचीस. "पाय वाश्यावर टाकायचा, कौलावर नाय," तू मला म्हणालीस, जशी काय मीच चढणार होते. मग पदर खोचलास, काष्टा मारलास आणि शिडी धरलीस.

मी तेव्हा लग्नाआधीची. टीव्हीसमोर उभी राहून बोंबलायचं काम माझं. "मुंग्या! अजून मुंग्या! आता सावल्या! जरा तिकडं! आलं, आलं... गेलं गं!" माझा आवाज आधीपासूनच असा की शेजारच्यांची गाभण म्हैस बिथरावी. तू वरून हसायचीस आणि हसताना पाइप हलायचा.

तेवढ्यात आबा शेतावरून आले आणि अंगणात थबकले. आपल्याकडं सून सासऱ्यासमोर खाटेवर बसत नाही. आणि इथं नवी सून घराच्या डोक्यावर उभी, नेमकी देवघराच्या वर. पाय सासऱ्याच्या डोक्यावर, देवाच्याही डोक्यावर. त्यात कौलं चाळणाऱ्याची लेक, हे त्यांच्या मनात होतंच. आबा ओरडले नाहीत. तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "सुमे, तिला सांग, खाली उतर म्हनाव."

तो दिवस आणि पुढचा सगळा जन्म, तुझ्याशी थेट एक शब्द नाही. "सुमे, तिला सांग, भाजीत मीठ कमी हाय." तू समोर वाढत असायचीस! माझं लग्न झालं, मी खालापूरला सासरी गेले, तर दादाकरवी निरोप सुरू झाले. दादा घरात नसला तर मांजराला सांगायचे. "मने, तिला सांग, च्या टाक म्हनाव." मांजर बिचारं तुझ्या तोंडाकडं बघायचं. तूही कमी नव्हतीस. चहाचा कप मांजरापुढं ठेवून म्हणायचीस, "मने, त्यांना सांग, च्या झाला." हे मला पत्रात लिहून कळवलंस तेव्हा मी सासरच्या घरात एकटी खदाखदा हसले होते. त्या घरात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

म्हणूनच ते घर सोडून मी परत आले. माहेरी परत आलेल्या मुलीला काय काय ऐकावं लागतं, तुला माहीत आहे, कारण ते माझ्याआधी तू ऐकून घेतलंस. ओटीवर जमलेल्या बायकांनी विचारलं, "आता ही इथंच र्‍हानार?" तू दारातून म्हणालीस, "मग? मी वर चडल्यावर खाली वरडायला कुनीतरी नको का?" एवढंच. ना गळ्यात पडलीस, ना डोळे पुसलेस. हातातली पिशवी घेतलीस आणि मला टीव्हीसमोर उभी केलीस. वहिनी, त्या दिवशी मला राहायला जागा मिळाली, ती दयेची नव्हती, कामाची होती. याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "जा गं, लय बोलतेस." म्हणून आता मानते. आता अडवून दाखव.

मग ते डिजिटल आलं. मुंबईचा जुना टॉवर बंद होणार, अँटेनावर काही दिसणार नाही, असं दादा दुकानातून सांगत आला. बरीच घरं तोवर केबलवर गेली होती. पण खालच्या आळीत, वाडीकडच्या घरांत जुने टीव्ही होते, अँटेनावर चालणारे. लोक ते भंगारवाल्याच्या टेंपोत चढवायला निघाले. तू टेंपो अडवलास. भर रस्त्यात! "टीवी बिगडलाय का? नाय ना? मग त्याचा काय गुन्हा? वर छत्री बसवू, खाली सेटटॉपचा डबा लावू, चालंल." टेंपोवाला म्हणाला, "बाई, माझ्या धंद्यावर का उठलीस?" तू म्हणालीस, "बिगडलेले ने की रं, कोन नको म्हनतंय?"

एवढी ऐट केलीस आणि पहिल्याच घरी आपली कशी फजिती झाली! गोदाक्काच्या कौलावर तू, खाली टीव्हीसमोर मी, डब्याचा दिवा पेटलेला, आणि सगळी दुपार गेली तरी चित्र येईना. तू छत्री फिरवतेयस, मी ओरडतेय. मुंग्याही नाहीत. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात, सावल्या नसतात; आलं तर सगळं येतं, नाहीतर ठार काळोख. मला तर काय ओरडावं तेच कळेना. गोदाक्का मात्र टेंपो गेला त्या वाटेकडं बघायला लागली. शेवटी तू वर फतकल मारून बसलीस आणि एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारलास. "सुमे! मी सारखी मुंबईकडंच फिरवतेय गं! हे मुंबईवरनं नाय येत, आभाळातनं येतंय!" दादानं सकाळीच सांगितलं होतं, आग्नेयेकडं तोंड कर. पण हाताला एवढ्या वर्षांची सवय, पाइप धरला की हात मावळतीकडं जायचा. नंतर ज्यांनी ज्यांनी आपापल्या छत्र्या स्वतः बसवल्या, त्या प्रत्येकानं हीच चूक केली. सगळं गाव मुंबईकडं तोंड करून काळोख बघत बसलं होतं.

तू छत्री उलटी फिरवलीस, राजमाचीच्या किल्ल्याकडं, जराशी उजवीकडं. तरी येईना. मग दुसरी गोष्ट आपल्याला कळली. अँटेना फिरवत राहायची आणि आलं की थांबायचं, ही जुनी रीत. इथं डब्याला ओळख पटायला वेळ लागतो. भराभरा फिरवलं तर जागा येऊन निघून जाते आणि कळतही नाही. बोटभर सरकवायचं आणि थांबायचं. "बोटभर, आन् दम खा," तू स्वतःशीच म्हणत होतीस. बोटभर, आन् दम खा. आणि गोदाक्काच्या टीव्हीत एक बाई खणखणीत आवाजात बोलायला लागली. एवढं स्वच्छ चित्र त्या टीव्हीनं आयुष्यात दाखवलं नव्हतं. मी जी काय किंचाळले, गोदाक्का म्हणाली, "सुमे, कुनाला साप चावला का काय?"

त्यानंतर आपण दोघी किती घरं फिरलो! तुझ्या कमरेला पाना, माझ्या हातात वायरचं भेंडोळं. लोक आधी तुझ्या काष्ट्याला हसायचे, मग शिडी धरायला पुढं यायचे. एकदा एका घरची सासू म्हणाली, "आमच्या देवघरावर पाय नको गं." तू म्हणालीस, "मावशी, देवालाच विचारा, त्याला बातम्या बगायच्यात का?" म्हातारी हसत सुटली. मला तेव्हा वाटलं, ही बाई माझी वहिनी आहे. छाती फुगून आली माझी. आताही लिहिताना फुगतेय.

आणि सगळ्यांत शेवटी राहिला आपल्याच घरातला टीव्ही. कारण आबा! "माजा टीवी बिगडला नाय. सरकारनं बंद केलाय. सरकारच चालू करंल." दादानं नवा पातळ टीव्ही आणतो म्हटलं, तर म्हणाले, "आन, हिरीत टाकतो." आणि रोज सात वाजता, बातम्यांच्या वेळेला, खाट ओढून त्या मुंग्यांसमोर बसायचे. बातम्या संपायच्या वेळेला उठायचे. मी म्हणाले, बसू दे. तू म्हणालीस, "नाय, त्या मुंग्या माज्या डोळ्यांत चावतात."

त्या टीव्हीला डब्याची वायर लावायला जागाच नव्हती, मागं फक्त अँटेनाचे दोन स्क्रू. मध्ये एक काडेपेटीएवढी डबी लागते, मॉड्युलेटर, जी नव्या डब्याचं चित्र जुन्या अँटेनाच्या वाटेनं आत सोडते. कल्याणच्या बाजारात तू आणि दादा दिवसभर हिंडलात तेव्हा ती मिळाली. अँटेना उतरवलीस, पण पाइप तोच ठेवलास, आबांनी रोवलेला, आणि त्यावर छत्री चढवलीस. आणि वर जाण्याआधी मला म्हणालीस, "आज तू गप. आज त्यांनाच बोलू दे. मला एकदा तुज्या बापाच्या तोंडनं 'आलं' ऐकायचंय."

मला अजून दिसतंय ते. तू आढ्यावर, मी अंगणात तोंडावर पदर धरून, आबा आत टीव्हीसमोर. "आलं का?" तू विचारलंस. बोटभर सरकवलंस, दम खाल्लास. "आलं का?" आतून हूं नाही की चूं नाही. आणि तेवढ्यात कौलांच्या फटींतून बातम्यांचं संगीत बाहेर आलं. आलं होतं! कधीच आलं होतं! तू वरून ओरडलीस, "आबा, आलं का?" आबा दारात आले, माझ्याकडं बघून म्हणाले, "सुमे, तिला सांग, आवाज लय हाय."

दुसरी कुणी असती तर रडली असती. तू हसून हसून कौलावर घसरलीस. "त्यांना सांग, आवाजाचं बटन त्यांच्याच हाताशी हाय!"

आपलं भांडण इथूनच सुरू झालं, आठवतं? मी म्हणत होते, अख्खं गाव तुझं नाव काढतंय, खालापूरकडनं, पार कुंभिवलीवरनं लोक बोलवायला येतात, मग या एका हेकट म्हाताऱ्याच्या शब्दासाठी कशाला जीव टाकतेस? तो नाही बोलणार. पालथ्या घड्यावर पाणी. तू म्हणायचीस, "गावात येऊन काय करू? घरात आलं पायजे. बोलंल. बोटभर, आन् दम खा." मी म्हणायचे, बोटं झिजली की गं तुझी. तू म्हणायचीस, "तू चडायला शीक, मग तुला कळंल. खालनं वरडनाऱ्याला दम नसतो." मी म्हणायचे, मला खालीच बरं आहे. दर आठवड्याला हेच. भाकऱ्या थापता थापता, वायर गुंडाळता गुंडाळता. दोघींपैकी एकीनंही कधी माघार घेतली नाही.

शेवटी तुला दवाखान्यात ठेवलं, तिथंही तू तेच काढलंस. मी आबांचा निरोप आणला होता. "तिला सांग, लवकर ये म्हनाव. घरात बरं वाटत नाय." त्यांना एवढं बोलायला काय पडलं असेल, ते मला माहीत आहे. मला वाटलं, आता तरी तुझं समाधान होईल. तर तू डोळे मिटूनच म्हणालीस, "त्यांना सांग, मलाच सांगा म्हनाव." आणि वर मला, "छत्रीचा नट सैल हाय. माकडं बसतात. या वेळी तू चड." मी म्हणाले, "मी नाही चढणार. तू घरी ये आणि तूच चढ." भांडण तिथंच राहिलं.

तर आज. आबा काळ्या पडद्यासमोर बसलेले. हेकटपणा नाही, कुरकुर नाही, नुसते बसलेले. दादा म्हणाला, "दुकानाशेजारच्या छत्रीवाल्याला बोलावतो." कोण जाणे मला काय झालं. म्हणाले, "आपल्या छत्रीला परका हात कशाला?" पदर खोचला. काष्टा मला नीट येत नाही, तुझ्यासारखा तर नाहीच. दादानं शिडी धरली. नको म्हणाला नाही.

पाय वाश्यावर, कौलावर नाही. वहिनी, एक कौल गेलं. शिव्या देऊ नकोस, पहिलीच वेळ आहे. कौलं अजून तापलेली होती, उन्हं कलली होती. आढ्याशी पोचले, पाइप धरला आणि सहज मान वर केली. आणि मला सगळं गाव दिसलं, तुला दिसायचं तसं. गोदाक्काची छत्री, वाडीकडच्या, खालच्या आळीतल्या, शाळेमागच्या. सगळ्या राजमाचीकडं तोंड करून, एका ओळीत, कवायतीला उभ्या असल्यासारख्या. ती तुझी. ती पण तुझी. ती पण. एवढी वर्षं मी खालून फक्त ओरडले, हे बघितलं नव्हतं. म्हणून चढ म्हणत होतीस काय गं? आणि त्या बाया म्हणतात, सोशीक होती!

आपली छत्री माकडांनी कुठं वळवली होती, सांगू? मुंबईकडं. खरंच. मी रडत होते आणि हसत होते.

नट सैलच होता, तू म्हणालीस तसा. राजमाचीकडं, जराशी उजवीकडं. बोटभर, आणि दम खा. खाली टीव्हीसमोर ओरडायला कुणी नव्हतं, कारण ओरडणारी वर होती. आत फक्त आबा. मी हाक मारली, "आलं का?" काही नाही. बोटभर. दम खा. "आलं का?" आत शांत. मनात म्हटलं, बघ, मी सांगत होते. पुन्हा बोटभर सरकवलं आणि या वेळी विचारलंच नाही. नुसता दम खाल्ला.

आणि आतून आवाज आला. आबांचा. कापरा, पण एवढा मोठा की मी दचकून पाइप धरला.

"आलं! आलं गं, सूनबाय! झ्याक आलंय! उतर आता खाली!"

दादानं शिडी सोडली आणि तोंड झाकून घेतलं. आबा चुकून सूनबाय म्हणाले की जाणूनबुजून, हे मी विचारणार नाही, आणि दादालाही विचारू देणार नाही. त्यांनी कुणाला निरोप सांगायला लावला नाही. मलाही नाही, मांजरालाही नाही. थेट कौलाकडं तोंड करून तुला हाक मारली.

वहिनी, आपलं भांडण मिटलं. मी म्हणत होते बोलणार नाही, तू म्हणत होतीस बोलेल. बोलले. आणि आवाज लय होता.